अभिजात चिनीतील युद्धाचे शब्द कसे शिकावेत?

बोरू (धागाकर्ता)

कन्फ्यूशियस आणि मेन्शियस या प्राचीन चिनी विचारवंतांच्या काळातील ग्रंथ ज्या भाषेत लिहिले गेले, ती अभिजात चिनी भाषा मी गेली तीन वर्षे शिकत आहे. पहिल्या वर्षी मी शब्दांची कार्डे केली होती. एका बाजूला चिनी अक्षर, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ, आणि रोज रात्री पंचवीस कार्डांची उजळणी असा माझा क्रम होता. दुसऱ्या वर्षी सलग मजकूर वाचायला घेतल्यावर लक्षात आले की माझ्याजवळच्या चार वेगवेगळ्या कार्डांच्या मागे 'हल्ला करणे' हा एकच अर्थ लिहिलेला आहे. ते शब्द होते 'फा', 'छिन', 'शी' आणि 'कुंग'. कार्डे मला बिनचूक पाठ होती आणि तरीही वाचलेले वाक्य नेमके काय सांगते आहे, हे मला कळत नव्हते.

(उच्चारांविषयी थोडे. पिनयिन या रोमन लिप्यंतरातील 'बी' हा आपला 'प' आहे आणि 'पी' हा आपला 'फ' आहे. 'डी' आणि 'टी' यांचेही तसेच, म्हणजे 'त' आणि 'थ'. महाप्राण-अल्पप्राण हा भेद आपल्या लिपीत उपजतच असल्यामुळे मी उच्चार त्याप्रमाणे लिहिले आहेत. सुरांच्या खुणा मात्र गाळल्या आहेत.)

माझे डोळे उघडले ते 'त्स्वोच्वान' या ग्रंथामुळे. लू या प्राचीन चिनी राज्याच्या इ.स.पू. ७२२ ते ४८१ या काळातील नोंदींचा 'छुनछ्यू', म्हणजे 'वसंत-शरद', नावाचा एक ग्रंथ आहे. त्यातील नोंदी इतक्या त्रोटक आहेत की एका ओळीत ऋतू, राज्य, क्रियापद आणि दुसरे राज्य एवढेच येते. त्स्वोच्वान हे त्या नोंदींवरचे भाष्य मानले जाते. इ.स.पू. ६६५ च्या उन्हाळ्यात चंग राज्याच्या लोकांनी श्यू या छोट्या राज्यावर 'छिन' केले, अशी नोंद आहे. त्याखाली भाष्यकार नियम सांगतो की ज्या स्वारीत घंटा आणि नगारे असतात ती 'फा', नसतात ती 'छिन' आणि हलकी असेल ती 'शी'. माझ्या तीन कार्डांमधला फरक त्याने एका ओळीत दिला होता.

याच्या पुढची पायरी मेन्शियसमध्ये सापडली. छुनछ्यूमध्ये न्याय्य युद्ध एकही नाही, असे तो म्हणतो आणि त्यासाठी 'चंग' या शब्दाची व्याख्या देतो (वरच्या चंग राज्याच्या नावाहून हा शब्द वेगळा). वरच्याने खालच्यावर केलेला 'फा' म्हणजे 'चंग', आणि 'ती' राज्ये एकमेकांवर 'चंग' करीत नाहीत. आधुनिक चिनीत 'ती' म्हणजे शत्रू. मेन्शियसच्या या वाक्यात मात्र 'ती' म्हणजे बरोबरीचा, तोडीस तोड असलेला. शत्रू हा अर्थ येथे लावला तर संपूर्ण विधानाचा विचका होतो, कारण शत्रू राज्ये एकमेकांवर स्वारी करीत नाहीत असे ते वाक्य सांगू लागते. मेन्शियसचा मुद्दा अधिकाराचा आहे. शिक्षा करण्याचा अधिकार फक्त सम्राटाला असतो, आणि समान दर्जाच्या दोन सरदारांपैकी एकाने आपल्या लढाईला 'चंग' म्हणणे ही भाषेची चोरी आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की हे शब्द सुटे पाठ करू नयेत. प्रत्येक शब्द त्याच्या शेजारच्या शब्दाच्या विरोधात शिकावा आणि प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारावेत. कोणी केले, कोणावर केले, आणि नोंद करणाऱ्याला त्याविषयी काय वाटते? येथे ही भाषा वाचणारे आणखी कोणी असल्यास त्यांनी आपली पद्धत सांगावी.

मोडीवाचक

मला चिनी येत नाही. मी पेशवेकालीन मोडी पत्रे वाचतो. तरीही आपला धागा वाचून राहवले नाही, कारण ज्या छटांसाठी आपण अडखळलात त्यांचे शब्द मराठीत पूर्वीपासून आहेत आणि अलीकडे आपणच ते 'हल्ला' या एका शब्दाखाली गाडून टाकले आहेत.

नगारा-निशाणासह उघडपणे निघते ती 'स्वारी' किंवा 'चढाई'. आपला 'शी' म्हणजे 'छापा', आणि भाष्यकार ज्याला 'हलकी' म्हणतो तिच्यासाठी आपल्याकडे 'सडी फौज' हा तयार शब्द आहे. बुणगे, तंबू, जड तोफा मागे ठेवून केवळ घोड्यानिशी दौड मारणारी ती सडी फौज. मेन्शियसच्या 'चंग'साठी तर 'पारिपत्य' हा शब्द जणू घडवूनच ठेवला आहे. पारिपत्य नेहमी वरचा खालच्याचे करतो. एखाद्या बंडखोर ठाणेदाराचे पारिपत्य झाले असे पत्रात येते, पण ठाणेदाराने छत्रपतींचे पारिपत्य केले असे वाक्य मराठी माणसाच्या लेखणीतून उतरणार नाही. व्याकरणात त्याला कोणतीही आडकाठी नाही. मान्य होत नाही तो त्यातला दर्जा.

'गनीम' या शब्दाचेही पाहा. मोगलांच्या लेखी मराठे गनीम होते आणि मराठ्यांच्या कागदांत मोगल गनीम होते. पुढे 'गनिमी कावा' हा शब्द आपण आपल्याच युद्धपद्धतीला अभिमानाने लावला. शब्द कोणाच्या दप्तरात आला आहे हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लावता येत नाही, एवढे मी माझ्या कागदांवरून सांगू शकतो.

निरंजना

मी अक्षरांच्या बाजूने भर घालते. युद्धाच्या अनेक चिनी शब्दांत एक घटक पुन्हा पुन्हा दिसतो, त्याचे नाव 'क'. हे एक शस्त्र आहे. लांब लाकडी दांड्याच्या टोकाशी काटकोनात बसवलेले काशाचे पाते, ज्याने शत्रूला ओढून कापता येत असे. रथातून लढताना त्याचा विशेष उपयोग होत असे. 'चान' म्हणजे लढाई, या अक्षराची उजवी बाजू म्हणजे हाच 'क'. 'फा' या अक्षरात डावीकडे माणूस आणि उजवीकडे 'क' आहे. आज ते दोघे शेजारी उभे असल्यासारखे दिसतात, पण शांग या प्राचीन राजघराण्याच्या काळातील भविष्यकथनाच्या अस्थींवर हेच अक्षर पाहिले तर 'क'चे पाते थेट माणसाच्या मानेतून गेलेले असते. त्या लेखांत 'फा' हा शब्द युद्धाइतकाच नरबळीसाठीही येतो. हे चित्र एकदा पाहिल्यानंतर 'फा'चा अर्थ मला कधी पाठ करावा लागला नाही.

लिहिताना मात्र डोळ्यांत तेल घालून लिहावे लागते. 'फा' या अक्षरातील उजवीकडची, वरून खाली डावीकडे झुकणारी एकच रेघ राहिली, तर 'ताय' हे अक्षर तयार होते आणि त्याचा अर्थ होतो 'बदली येणे' किंवा 'पिढी'. त्याहून अवघड तिघांचे एक त्रिकूट आहे. 'वू', 'शू' आणि 'श्यू' ही तीन अक्षरे बाहेरून हुबेहूब सारखी असतात. पोटात काही नसेल तर 'वू', जे कालगणनेतील एक चिन्ह आहे. पोटात ठिपका असेल तर 'शू', म्हणजे सीमेवर पहारा देणे. पोटात आडवी रेघ असेल तर 'श्यू', जे पुन्हा कालगणनेतील दुसरे चिन्ह आहे. तो ठिपका म्हणजे मुळात 'क' या शस्त्राखाली उभा असलेला माणूस आहे. हे कळल्यावर मी ठिपका विसरले नाही, कारण तो वगळणे म्हणजे पहारेकऱ्यालाच चौकीवरून काढून टाकणे होते.

एक सावधगिरीही सांगते. अक्षरांच्या फोडीवर नेहमी भिस्त ठेवू नये. 'वू' (हा वेगळा, म्हणजे शौर्य किंवा लष्करी बळ) या अक्षरात 'क' आणि 'च' असे दोन घटक आहेत. इ.स.पू. ५९७ मध्ये पी येथील लढाई जिंकल्यावर छू राज्याचा च्वांग राजा म्हणतो की 'शस्त्र थांबवणे' म्हणजे 'वू'. शत्रूच्या प्रेतांचा ढिगारा रचून विजयस्तंभ उभारावा, अशी सूचना एका सरदाराने केली होती. ती नाकारताना त्याने हे म्हटले, आणि त्या प्रसंगाचा मोठेपणा कमी होत नाही. परंतु अस्थिलेखांत 'च' म्हणजे पाऊल. 'थांबणे' हा अर्थ नंतरचा आहे. मूळ अक्षराचा अर्थ शस्त्र घेऊन चाल करणे असाच असावा. राजाची व्याख्या नीतिशास्त्र म्हणून शिकावी, व्युत्पत्ती म्हणून नव्हे.

शिरीषफूल

मी आधी आधुनिक चिनी शिकलो आणि मग मागे वळलो, त्यामुळे माझ्या चुका वेगळ्या होत्या. त्यांतील एक येथे सविस्तर सांगतो, कारण आधुनिक चिनीकडून येणाऱ्या प्रत्येकाला ती भोवते असे मला वाटते.

मेन्शियसच्या पहिल्याच प्रकरणात ल्यांगचा हुई राजा तक्रार करतो की मी प्रजेची इतकी काळजी घेतो, तरी शेजारच्या राज्यातील लोक माझ्याकडे का येत नाहीत? मेन्शियस उत्तर देतो की महाराजांना युद्धाची आवड आहे, तेव्हा युद्धाचाच दृष्टान्त देतो. पुढच्या ओळीचे माझे पहिले भाषांतर असे होते: 'नगारा वाजतो, सैनिकांची पाती भिडतात, ते चिलखते टाकून सैनिकांना ओढत चालू लागतात.' सैनिकांना कोण ओढते आहे, आणि लढाईतून लोक सावकाश चालत का निघाले आहेत, हे मला उमगेना. मी ते वाक्य चार दिवस घेऊन बसलो होतो.

चूक दोन शब्दांत होती. 'पिंग' म्हणजे आज सैनिक, पण तेव्हा प्रामुख्याने शस्त्र. अक्षरात दोन हातांनी धरलेली कुऱ्हाड आहे. 'त्सौ' म्हणजे आज चालणे, पण तेव्हा धावणे, पळणे. म्हणजे माणसे चिलखते फेकून, शस्त्रे फरफटत पळत सुटली आहेत. त्यांपैकी कोणी शंभर पावलांवर थांबतो, कोणी पन्नास, आणि पन्नासवाला शंभरवाल्याला हसतो. दृष्टान्ताचा सगळा जोर पळण्यावर आहे. चालणे म्हटले की तो पार निघून जातो.

मोडीवाचक यांच्यासाठी एक मराठी जोड देतो. फारसीत 'शिकस्त' म्हणजे पराभव. आपण मात्र 'प्रयत्नांची शिकस्त केली' असे म्हणतो. आजच्या मराठीच्या बळावर जुना फारसी कागद वाचणारा जसा फसेल, तसाच मी फसलो होतो.

कावेरीकाठ

चर्चा चांगली चालली आहे, पण मूळ धाग्यातील एका गोष्टीला माझा आक्षेप आहे. बोरू यांनी त्स्वोच्वानमधील नियम शब्दकोशातील व्याख्येसारखा मांडला आहे. तो तसा नाही. छुनछ्यूवर आणखी दोन जुनी भाष्ये आहेत आणि त्या दोघांच्या व्याख्या वेगळ्या आहेत. कुंगयांग भाष्य म्हणते की ढोबळ ते 'छिन' आणि काटेकोर ते 'फा'. कूल्यांग भाष्य म्हणते की माणसे धरून नेणे आणि गुरेढोरे हाकून नेणे म्हणजे 'छिन', तर झाडे तोडणे आणि वाडे उद्ध्वस्त करणे म्हणजे 'फा'. नगाऱ्याचा तेथे उल्लेखही नाही. एकाच दोन शब्दांवर तीन भाष्यकार तीन निकष लावतात, याचा अर्थ हे नियम जुन्या नोंदी समजून घेण्याचे त्यांचे स्वतःचे प्रयत्न आहेत.

आता एक उदाहरण पाहा. इ.स.पू. ६२८ मध्ये छिन राज्याच्या (हे नाव 'छिन' या क्रियापदाहून वेगळे) राजाला त्याच्या हस्तकाचा निरोप आला की चंग राजधानीच्या उत्तर दरवाजाची किल्ली माझ्या ताब्यात आहे, गुपचूप सैन्य पाठवा. च्येन शू या वृद्ध मंत्र्याने बजावले की सैन्य थकवून दूरच्या ठिकाणावर 'शी' करणे कधी ऐकले नाही. राजाने ऐकले नाही. वाटेत चंग राज्याचा श्येन काव नावाचा एक व्यापारी भेटला. त्याने प्रसंगावधान राखून चार कातडी आणि बारा बैल सैन्याला नजर केले, जणू त्याच्या राजाने स्वागतालाच पाठवले असावे, आणि इकडे घाईने घरी खबर धाडली. छापा फुटला हे सेनापतींना कळले, आणि परत फिरताना त्यांनी वाटेतील ह्वा या लहान राज्यावर हात मारला.

हा शेवट नोंदवताना त्स्वोच्वानच्या कथानकात शब्द येतो 'म्ये', म्हणजे राज्य नष्ट करणे. छुनछ्यूच्या मूळ नोंदीत मात्र शब्द आहे 'रू', म्हणजे शिरणे. घटना एक, क्रियापदे दोन. त्स्वोच्वान स्वतःच दुसऱ्या एका ठिकाणी सांगते की मोठे सैन्य वापरले तर 'म्ये' आणि भूमी ताब्यात ठेवली नाही तर 'रू'. छिनच्या सैन्याने ह्वा ताब्यात ठेवले नाही, म्हणून मूळ नोंदीचा 'रू' त्या नियमात बसतो, पण कथाकाराने त्याच ग्रंथात 'म्ये' लिहिले आहेच. नोंदीची भाषा वेगळी आणि गोष्टीची भाषा वेगळी, हे विद्यार्थ्याला सांगितले नाही तर तो प्रत्येक 'फा'च्या मागे नगारा ऐकू लागेल.

मोडीवाचक

कूल्यांग भाष्याची व्याख्या वाचून थबकलो. माणसे धरणे आणि गुरे हाकून नेणे, हे आमच्या कागदांतल्या मुलूखगिरीच्या आणि धाडीच्या वर्णनाशी किती जुळते! कौटिल्यही युद्धाचे प्रकाशयुद्ध, कूटयुद्ध आणि तूष्णींयुद्ध असे तीन प्रकार सांगतो. तेथे निकष उघडपणा आणि कपट हा आहे, म्हणजे तो त्स्वोच्वानच्या नगाऱ्याला जवळचा वाटतो.

बोरू (धागाकर्ता)

कावेरीकाठ यांचा आक्षेप मला मान्य आहे. नियमाला मी व्याख्या मानले, ही माझी चूक झाली. तरीही मी माझ्या मूळ म्हणण्यावर ठाम आहे, किंबहुना तीन भाष्ये एकत्र ठेवल्यावर ते अधिक बळकट होते. निकषाविषयी तिघांचे मतभेद आहेत, पण 'फा' आणि 'छिन' हे एकच नाहीत आणि नोंद करणाऱ्याने शब्द निवडून वापरला आहे, याविषयी तिघांचे एकमत आहे. 'हल्ला करणे' या माझ्या कार्डाने नेमके तेच पुसून टाकले होते.

हीच गोष्ट ठार मारण्याच्या शब्दांतही आहे. 'शा' म्हणजे मारणे. आपल्या राजाला किंवा पित्याला मारले तर वेगळा शब्द 'श', आणि अपराध्याला शासन म्हणून मारले तर 'चू'. चौ या शांग राजाला त्याच्या मांडलिकाने मारले, तेव्हा प्रजेने राजाला 'श' करणे योग्य आहे काय, असे छी राज्याचा राजा मेन्शियसला विचारतो. मेन्शियसचे उत्तर असे की चौ नावाच्या एका इसमाला 'चू' केल्याचे मी ऐकले आहे, राजाला 'श' केल्याचे मात्र ऐकले नाही. सगळा युक्तिवाद एका क्रियापदाच्या बदलात आहे. हे दोन्ही शब्द ज्याने 'ठार मारणे' म्हणून पाठ केले असतील, त्याला या उत्तरात काहीच दिसणार नाही.

पाटीपेन्सिल

मी अगदी नवखी आहे. साधारण तीनशे अक्षरे ओळखते. युद्धावरचे वाचायचे तर सुरुवात कोठून करावी? सुन त्झूचा युद्धशास्त्रावरील ग्रंथ छोटा आहे असे ऐकले आहे.

निरंजना

पाटीपेन्सिल, तो ग्रंथ तेरा प्रकरणांचा आणि सुमारे सहा हजार अक्षरांचाच आहे, पण त्याने सुरुवात करू नये. त्यातील वाक्ये सूत्रांसारखी आहेत आणि प्रसंग नसल्यामुळे शब्द पकडायला आधार मिळत नाही. उदाहरणार्थ, त्यात असे येते की श्रेष्ठ युद्धनीती म्हणजे शत्रूच्या मसलतीवर 'फा' करणे, त्यानंतर त्याच्या मैत्रीसंबंधांवर, त्यानंतर सैन्यावर, आणि सर्वांत कनिष्ठ म्हणजे नगरावर 'कुंग' करणे. पहिल्या तिघांना 'फा' आणि नगरालाच 'कुंग' का, हे कळायला तटबंदीवर तुटून पडण्यासाठी 'कुंग' वापरतात हे आधी अनेक गोष्टींतून वाचलेले असावे लागते.

बोरू (धागाकर्ता)

निरंजना यांच्याशी सहमत आहे. माझा सल्ला असा की आधी त्स्वोच्वानमधील त्साव क्वेइची गोष्ट वाचावी. इ.स.पू. ६८४ मध्ये छांगशाव येथे लू आणि छी यांची लढाई झाली, तिचे हे वर्णन एका पानात संपते. लूचा राजा नगारा वाजवायला निघतो तेव्हा त्साव क्वेइ म्हणतो, 'अजून नाही.' छीचे नगारे तीनदा वाजल्यावर तो म्हणतो, 'आता.' नंतर तो कारण सांगतो: पहिल्या नगाऱ्याला जोम चढतो, दुसऱ्याला ओसरतो, तिसऱ्याला आटतो. पळणाऱ्या शत्रूचा पाठलाग करण्यापूर्वी तो रथातून खाली उतरतो आणि चाकांच्या चाकोऱ्या पाहतो. चाकोऱ्या विस्कटलेल्या आणि निशाणे लवलेली दिसल्यावरच तो पाठलागाला संमती देतो. नगारा, निशाण, रथ, चाकोरी, पाठलाग एवढे सगळे शब्द एका गोष्टीत मिळतात आणि प्रत्येकाला तेथे काम असते.

त्यानंतर हुंग नदीवरची इ.स.पू. ६३८ ची लढाई घ्यावी. छूचे सैन्य नदी ओलांडत होते आणि सुंगचा श्यांग राजा ते व्यूहात उभे राहीपर्यंत थांबला. त्याच्या सैन्याचा मोड झाला, त्याची मांडी जायबंदी झाली आणि पुढच्या वर्षी त्याच जखमेने तो वारला. लोकांनी दोष दिल्यावर तो म्हणाला की व्यूह न रचलेल्यावर मी 'कू' करीत नाही. 'कू' म्हणजे नगारा, आणि येथे त्याचेच क्रियापद झाले आहे, म्हणजे नगारा वाजवून चाल करणे.

पाटीपेन्सिल

आभारी आहे. त्साव क्वेइच्या गोष्टीची पहिली अर्धी ओळख करून घेतली. एका ठिकाणी अडले. राजा 'कू' करायला निघतो तेथे 'कू'नंतर 'च' हे सर्वनाम आले आहे. 'त्याला' असा अर्थ घेतला तर राजा कोणाला वाजवतो आहे?

शिरीषफूल

हेच 'च' मी सांगितलेल्या मेन्शियसच्या ओळीतही आहे, नगारा दणदणतो त्या शब्दांनंतर. (निरंजना यांनी 'वू'च्या फोडीत सांगितलेला 'च' वेगळा. त्याचा सूर आणि अक्षर दोन्ही निराळी आहेत.) ते कोणा एकाकडे बोट दाखवीत नाही. 'कू' हे एरवी नाम असल्यामुळे, येथे ते क्रियापद म्हणून आले आहे हे वाचणाऱ्याला त्या 'च'वरून कळते. मराठीत त्याचे भाषांतर करू नका. 'राजा नगारा करणार, तोच' एवढेच वाचा आणि पुढे जा.